उजवीकडून ओहोट्या

श्रीवर्धन, जि. कुलाबा
१३ जानेवारी १९६३

हऱ्या,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरलो म्हणून नाही.

काल अब्बा म्हसळ्याला गेले होते, सुपारीच्या वखारीत काम नव्हतं. मी तुझ्या साप्ताहिकाचे चार वर्षांचे अंक काढले आणि पडवीत ओळीने मांडले. फक्त मधली पानं, तुझी सहा चित्रांची आडवी पट्टी. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलो. तू पण एकदा चाल. बसून वाचताना जे कळत नाही ते चालताना कळतं.

एकोणसाठ साली आपला ओहोट्या आहे. कमरेला लुंगी, अंगावर काही नाही, पायाला चिखल, रंग काळा. एकेका माणसाला वाचवताना त्याची ताकद ओहोटीसारखी उतरत जाते आणि शेवटच्या चित्रात तो थकलेला साधा माणूस असतो, घरी बसून भाकरी खातो. साठ साली पायात बूट आले. कुणी दिले? तू सांगितलं नाहीस. एकसष्टला छाती फुगली, पट्ट्यावर सिंह आला आणि नाव बदललं. वीर दर्यानाथ. बासष्टला रंग उजळला. कुठल्या साबणाने रे? आता तो मलबार हिलवर राहतो आणि डिसेंबरपासून बर्फात उभा राहून एका हाताने रणगाडा उचलतो. त्याला थंडी वाजत नाही. तो थकत नाही. शेवटच्या चित्रात तो पहिल्या चित्रापेक्षा मोठा असतो. चार वर्षांत माझे पुढचे केस गेले, तुला चष्मा लागला, आणि हा दर दिवाळीला तरुण होतो.

तू आता मुंबईकर, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. इसाकमामू नावाचा माझ्या अम्मीचा एक भाऊ आहे. आगबोटीच्या इंजिनात कोळसा मारायचा. देश स्वतंत्र झाला त्या साली त्याने न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून आपल्यासाठी चित्रांची इंग्रजी पुस्तकं आणली, पेटीत साबणाच्या वड्यांखाली. पिवळा झगा घातलेला, उडणारा माणूस. इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि आपल्यालाही नाही. मामूला वाचन एकच ठाऊक, कुराण शरीफचं, आणि ते उजवीकडून सुरू होतं. म्हणून त्याने पुस्तक मागून उघडलं आणि उजव्या चित्रापासून आपल्याला गोष्ट सांगितली. अंगठ्याने दाखवत, कारण उजव्या हाताची पुढची दोन बोटं बोटीवरच्या दोर ओढणाऱ्या यंत्राने, विंचने, नेलेली.

गोष्ट अशी निघाली. उडणारा माणूस तुरुंगाचं दार उघडतो. कैद्यांच्या बेड्या काढतो. ते उचललेला पैसा बँकेत परत ठेवतात आणि आपापल्या घरी जातात. मग तो पिवळा झगा उतरवतो, चष्मा लावतो आणि कचेरीत जाऊन कारकून होतो. तू तेव्हा म्हणालास, "याची ताकद ओहोटीसारखी जाते रे." तिथे नाव पडलं. तू म्हणालास, मी नाही.

मामू अजून दर शनिवारी धक्क्यावर तुझ्या अंकाची वाट बघतो. मराठी अक्षर त्याला कळत नाही, चित्रं बघतो, 'आपला ओहोट्या' म्हणतो. नवं नाव मी त्याला सांगितलेलं नाही. अतिया मुमानी, त्याची बायको, गेल्यापासून त्याला शनिवारशिवाय वार उरलेला नाही.

उत्तर नको देऊस हवं तर. पण त्याचे बूट काढ.

यूनुस

•

गिरगाव, मुंबई
२ फेब्रुवारी १९६३

प्रिय यूनुस,

(मी लिहितो. माझं काही जात नाही.)

बूट शिवदासरावांनी दिले. आमचे संपादक. पहिली पट्टी बघून म्हणाले, "नायक शेवटी भाकरी खातो? मग पुढचा अंक कोण विकत घेणार, त्याची आई?" मी म्हटलं, हाच तर त्याचा स्वभाव आहे. ते म्हणाले, "स्वभाव ठेवा, चिखल काढा." असं सुरू झालं. 'ओहोट्या' हे नाव कुणाच्या तरी घरगड्याचं वाटतं म्हणाले, ते गेलं. मग चीनचं युद्ध आलं. लोक अंगावरचं सोनं काढून देत होते आणि तुझी इच्छा होती की मी एक उघडा माणूस खाडीत उभा करावा.

आता ऐक. फोर्टच्या फुटपाथवर मला त्या पिवळ्याचे जुने-नवे अंक मिळाले. आता इंग्रजी येतं, बी. ए. झालोय, डावीकडून वाचले. पहिल्या वर्षी तो खाणमालकाच्या कानाखाली आवाज काढतो आणि अडकलेले मजूर वर आणतो. दहा वर्षांनी तोच त्या खाणमालकाच्या पार्टीत सरबत पितो. आज त्याला उडणारी बायको आहे, उडणारं मांजर आहे, आणि त्याचे सगळे शत्रू चंद्रावर राहतात, म्हणजे पृथ्वीवर कुणाचंच मन दुखायला नको. सगळ्यांचं हेच होतं. सुरुवातीला भुकेले असतात, मग खप वाढतो. आपला तेवढा वेगळा राहील असं तुला का वाटलं? श्रीवर्धनचा म्हणून?

आणि एक सांगतो, चिडू नकोस. मामूने सांगितलेली गोष्ट मुळातच चूक होती. तो चोरांना सोडवत नव्हता, पकडत होता. आपण दोन गाढवं एका उलट्या पुस्तकावर भाळलो. त्यावर आयुष्य काढायचं असेल तर तू काढ. मला महिन्याला चार पट्ट्या द्याव्या लागतात.

मार्चपासून नवा खलनायक आणतोय. काळा नाखवा. बघ ओळखता येतो का. मामूलाही दाखव, हसेल.

हरेश्वर

•

श्रीवर्धन
१ एप्रिल १९६३

हऱ्या,

ओळखला.

ओळखायला काय शिल्लक ठेवलंस? उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. डाव्या भिवईत दोराने कापल्याची खूण. विडी करंगळीच्या बेचक्यात. चौकड्याची लुंगी. चार वर्षं ओहोट्याचा चेहरा दर दोन महिन्यांनी बदलणारा माणूस तू, आणि याचा एक तीळ विसरला नाहीस. वर छापलंस, 'देशाचं सोनं लुटणारा, परक्या जहाजांचा दोस्त, काळा नाखवा'. आयुष्यात त्या माणसाने सोनं एकदा आणलं. मुमानीच्या नाकातली चमकी.

जानेवारीपासून सोन्याचा कायदा आलाय. कस्टमवाले धक्क्याला लागणाऱ्या प्रत्येक पडावाच्या तळाच्या फळ्या ठोकून बघतात. नाखवा दाढीवाला असला की दोनदा ठोकतात. या गावातला माणूस, या वर्षी, तू या चित्रात घातलास. तुझं इथलं घर बंद आहे, आई तुझ्याकडे. तुला इथून चालत जायचं नाही, म्हणून काढता आलं.

पण मला राग येतोय तो याचा नाही. मामू खूश आहे.

शनिवारी अंक घेऊन तो वखारीत आला. आम्ही सुपारी सोलत बसलो होतो. म्हणाला, "यूनुस, हऱ्यानं माजा फोटू काढलाय." पानं पसरली आणि अंगठा उजव्या टोकाच्या चित्रावर ठेवला.

"हे बघ. पयलं मी कोठडीत हाय."

"मामू, जरा..."

"गप. बिनगुन्ह्याचा हाय, तोंडावरनं कळतं. मग आपला ओहोट्या येतो. बूट घातलेत मेल्यानं. मला दाराबाहेर काढतो. हात बांधल्यात, ते सोडतो. इथं आमी दोघं पडावावर. माज्या दाढीला हात लावून विनवतो, चल घरी म्हणून."

ती मूठ आहे, हऱ्या. तू दर्यानाथाची मूठ त्याच्या जबड्यावर काढलीस.

"मग पेट्या ज्याच्या त्याला, जहाजावर परत. हरामाचं नको. आणि मग घर."

अंगठा डाव्या टोकाला थांबला. छापलेलं पहिलं चित्र. काळा नाखवा घरात जेवतोय आणि बायको भाकरी वाढतेय. तू मुमानी काढलीस. चमकीसकट.

"अतिया," मामू म्हणाला. "हऱ्याला याद हाय बघ."

आता तो अंक गावभर फिरवतोय. धक्क्यावर, मशिदीबाहेर, नीराबाईच्या चहाच्या दुकानात. लोक चित्राखालचं वाचतात, त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "छान आलाय, मामू." अजून कुणी मर्यादा सोडलेली नाही. मीही सोडलेली नाही, मीही 'छान' म्हणालो. पण एक दिवस कुणीतरी ते मोठ्याने वाचणार. त्याच्याआधी चेहरा बदल. बूट राहू देत, सिंह राहू दे, बंगला राहू दे. फक्त तो चेहरा बदल.

यूनुस

•

(पोस्टकार्ड)

मुंबई, २० एप्रिल

पत्र पोचलं. शिवदासराव आजारी आहेत, सगळं मलाच बघावं लागतंय. उत्तर सवडीने.

ह.

•

गिरगाव, मुंबई
१६ मे १९६३

यूनुस,

ही काय पाटी आहे, फडक्याने पुसायला? ऑगस्टपर्यंतचे छपाईचे ब्लॉक तयार होऊन प्रेसमध्ये पडलेत. चेहरा बदल म्हणतोस. अर्ध्यातून नाखव्याला नवी दोन बोटं फुटली तर वाचक मला काय म्हणतील?

आणि चेहरा आणू कुठून? नीट ऐक, कारण हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. मला जिवंत माणसाचा चेहरा एकच काढता येतो. बाकीचे मी इंग्रजी मासिकांतून उतरवतो. दर्यानाथाची हनुवटी एका दाढीच्या साबणाच्या जाहिरातीतली आहे. म्हणून त्या सबंध पानावर एकटा मामू जिवंत दिसतो. पोरं दर्यानाथाला पत्रं पाठवत नाहीत, नाखव्याला पाठवतात. नाखवा पुन्हा सुटेल ना, असं विचारतात. यात अपमान कुठे आला?

मामू खूश आहे असं तूच लिहितोस. मग भांडण त्याचं आहे की तुझं? तुला खरा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. आपण दोघांनी मिळून एक माणूस बनवला आणि मी त्याला घेऊन बाहेर पडलो. तू राहिलास. वखारीत बसून रागवायला काही लागत नाही. पंधरा वर्षांत तू एक चित्र काढलंस? एक ओळ लिहिलीस? आपला ओहोट्या, आपला ओहोट्या. एवढा तुझा होता तर एक पट्टी लिहून पाठवायचीस. मी छापली असती.

सप्टेंबरात नाखव्याची गोष्ट संपते. शेवटाचं बघतो. वचन देतो असं मी लिहिलेलं नाही. बघतो असं लिहिलंय.

हरेश्वर

•

श्रीवर्धन
१९ ऑगस्ट १९६३

हऱ्या,

वाचून दाखवलं.

कस्टमच्या चौकीवर सदू म्हणून नवा शिपाई आलाय, मुरुडकडचा. चांगला माणूस आहे. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं. पावसामुळे सगळे नीराबाईच्या दुकानात अडकले होते. मामूने आपल्या हाताने तो मार्चचा अंक त्याला दिला. "बघा सायेब, माजं चित्र आलंय."

"वाचू का?" सदू म्हणाला.

"वाचा की. मला पण ऐकायचं राहिलंय."

सदूने डावीकडून सुरुवात केली. घरापासून. 'पाहा, हा देशद्रोही सुखाने जेवत आहे. याच्या ताटात कोणाचे सोने आहे?' नीराबाईने कपबश्या आपटल्या, दुसरा विषय काढला, काही झालं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चित्रापाशी सदूचाच आवाज बारीक झाला. त्याने अंक मिटायला घेतला.

"थांबू नको," मामू म्हणाला. "पुरतं वाच."

त्याने पुरतं वाचलं. कोठडीपर्यंत. तिथून पुढे काही नव्हतं.

मी तेव्हा दुकानात नव्हतो, हे नीराबाईने नंतर सांगितलं. मामू भिजत वखारीत आला आणि दारातूनच विचारलं, "तुला ठाऊक हुतं?"

"हो."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

"आनि ज्यांना ज्यांना दाखवलं, त्यांना सगळ्यांना?"

मी हातातली सुपारी खाली ठेवली.

"म्हंजे मीच दारोदार दाखवत फिरलो," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. धक्क्यावर जात नाही. उजवा हात पंच्यात गुंडाळून ठेवतो. आमच्या घरी जेवतो तेव्हाही पाठ करून बसतो, हात दिसू नये म्हणून. त्याच हाताने त्याने आपल्याला गोष्ट दाखवली होती. उलटी का असेना.

भांडण कुणाचं, असं विचारलं होतंस. हे घे.

यूनुस

•

गिरगाव, मुंबई
२२ सप्टेंबर १९६३

यूनुस,

तुझं पत्र प्रेसमध्ये उघडलं. उभ्यानेच वाचलं आणि तसाच शिवदासरावांच्या खोलीत गेलो. म्हटलं, शेवटी नाखवा सुटेल, घरी जाईल. ते म्हणाले, "काळा नाखवा बुडालाच पाहिजे. पोरं सहा महिने वाट बघतायत." मी म्हटलं, पोरं तो सुटायची वाट बघतायत, पत्रं वाचा. ते म्हणाले, "पोरांना काय हवं ते पोरांना विचारून ठरत नाही." मग मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तुझ्याकडून शिकलेली एक शिवीसुद्धा वापरली. ते फक्त म्हणाले, "बुडवा, आणि रंगीत बुडवा."

पुढच्या आठवड्यात ते पुण्याला गेले. त्यांची पाठ वळल्यावर मी माझी पट्टी काढली, ब्लॉक करून घेतला आणि छापली.

त्यात एकही शब्द नाही. मुद्दाम. शब्द घातले की ते डावीकडूनच चालतात. उजव्या टोकाला मामू एकटा समुद्रात, नुसतं डोकं वर. त्याच्या डावीकडच्या चित्रात त्याचा तीन बोटांचा हात आणि त्याला धरणारा ओहोट्या. दर्यानाथ नव्हे. आपला, काळा, लुंगीवाला. मग दोघं पडावावर. मग श्रीवर्धनचा धक्का. मग सुपारीच्या बागांमधली वाट. आणि डाव्या टोकाला घर. मुमानी भाकरी वाढतेय, मामू बसलाय आणि ओहोट्या दारात टेकलाय, दमलेला, पायाला चिखल. बूट काढलेत, यूनुस. त्या चिखलाला मला जितका वेळ लागला तितका चार वर्षांत कशालाच लागला नाही.

चौदा तारखेच्या शनिवारी अंक बाहेर पडला. लगेच पत्रं सुरू झाली. एकाने विचारलंय, आपले चित्रकार दारू पितात का. एकाने कळवलंय की ब्लॉक उलटा लागलेला दिसतो, दर्यानाथ कुठे गेला, आणि हा उघडा माणूस कोण. शिवदासरावांनी पुण्याहून आल्या आल्या मला घरी पाठवलं. दर्यानाथ आता दुसरं कुणीतरी काढेल. त्याला काही फरक पडणार नाही, हनुवटी जाहिरातीत आहेच.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तू पहिल्याच दिवशी मामूला सांगायला हवं होतंस. पण ते राहू दे. सोबतचा अंक त्याला दे. तू काही बोलू नकोस, तू बोललास की बिघडतं. त्याला उजवीकडून बघू दे. त्याला कळेल.

हरेश्वर

•

श्रीवर्धन
८ ऑक्टोबर १९६३

हऱ्या,

काही बोलू नकोस, असं लिहिलं होतंस. नाही बोललो. तुझं ऐकण्याची ही शेवटची वेळ.

तुला एक गोष्ट ठाऊक नव्हती. मी कळवली नव्हती, तुला काही कळवावं असं वाटत नव्हतं. ते झालं त्यानंतर काही दिवसांनी मामू सदूच्या खोलीवर गेला आणि म्हणाला, "मला वाचाय शिकव." सदूला वाटलं, हा आपल्याला टोमणा मारतोय. तो पाया पडायला लागला. मामूने पिशवीतून पाटी काढली तेव्हा त्याला खरं वाटलं. तेव्हापासून रोज चौकी सुटल्यावर दोघं बसतात. साठीला आलेला माणूस, पेन्सिल अंगठ्यात आणि अनामिकेत धरून अ आ इ गिरवतो. मी सदूला विचारलं, का शिकतोय? सदू म्हणाला, "मामू म्हणतात, परत कुणी मला वाचून दावाय नको."

आता तो दुकानांच्या पाट्या वाचतो. नीराबाईची पाटी त्याने अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचली तेव्हा ती बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि वर बघत राहिली, जशी काही तिनेही पहिल्यांदाच वाचली. मला हे लांबून दिसलं. माझ्याशी तो बोलत नव्हताच.

तुझा अंक मी त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने हात पंच्यातून काढला. मला वाटलं, चला, हात तरी बाहेर आला. त्याने आधी अक्षरं शोधली. चित्रांच्या वर, खाली, मधल्या मोकळ्या जागेत. नखाने कागद खरवडून बघितला.

"शब्द कुठं हायत?"

"नाहीत घातलेले."

"मला वाचाय आलं, तर शब्दच काढून घेतले व्हय," तो म्हणाला.

आणि अंगठा ठेवला. डावीकडे.

"अतिया," म्हणाला. चेहरा उजळला, हऱ्या. तेवढ्यासाठी मी तुला माफ करायला निघालो होतो. "ह्यो दारात ओहोट्या. बूट न्हायत. मला बोलवाय आलाय." अंगठा पुढे गेला. "आमी बागेतनं चाललो. हा धक्का. हा पडाव." पाचव्या चित्रावर तो बराच वेळ थांबला. तू काढलेले ते दोन हात. पाण्यातला त्याचा आणि वरून आलेला ओहोट्याचा.

"सोडला," मामू म्हणाला.

मग शेवटचं चित्र. नुसतं डोकं आणि पाणी. त्यावर अंगठा आला आणि तिथेच राहिला.

तेव्हा मी बोललो. म्हटलं, "मामू, हे उजवीकडून आहे. हऱ्याने तुझ्यासाठी म्हणून उजवीकडून काढलंय. तो सोडत नाही, धरतोय. तुला घरी आणतोय."

त्याने माझ्याकडे बघितलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

"तवा ठाऊक हुतं, तर गप बसलास," तो म्हणाला. "आता म्हंतोस उजवीकडनं. दोनी बारीला तुमालाच ठाऊक. मला आता वाचता येतं."

अंक त्याने फाडला नाही. घडी घालून मला परत दिला, कुणाची विसरलेली वस्तू द्यावी तसा. आणि हात पुन्हा पंच्यात.

तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटलेलं नाही. चिखल चांगला काढलायस, ते खरं आहे. तो चार वर्षांपूर्वी काढायचा होतास. आणि मी पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं असं लिहिलंस, तेही खरं आहे, आणि ते तू सांगावंस याची मला चीड येते.

माझ्यावर आता त्याचा विश्वास नाही. सदू सांगणार नाही, त्याला डावीकडूनच येतं. ज्याने काढलं त्यालाच दाखवावं लागेल. पावसाळा संपला, स्टीमर सुरू झालीय. पत्र पाठवू नकोस, चित्र तर मुळीच नको. ये. मी धक्क्यावर घ्यायला येणार नाही, वाट तुला ठाऊक आहे, काढलीस की आत्ताच.

मामूच्या दारात बूट काढ. आत जा, त्याच्या उजव्या हाताला बस. तो पाठ करेल, तरी बस. अंक माझ्याकडे आहे, मी आणून देईन. पान उघड आणि त्या पाण्यावर बोट ठेव. तिथून सुरू कर. एकेक चित्र सांग, जसं त्याने आपल्याला सांगितलं होतं, आणि घर येईपर्यंत उठू नकोस.

यूनुस